लाल देऊळ बांधणारे डेव्हिड ससून

डेव्हिड ससून (१७९२–१८६४) हे बगदादचे ज्यू व्यापारी. तिथल्या जाचाला कंटाळून ते १८३२ च्या सुमारास मुंबईत आले.

कापूस आणि अफूच्या व्यापारात त्यांनी अफाट पैसा कमावला. या अफूने चीनमध्ये घरंच्या घरं उद्ध्वस्त केली, हेही सांगायलाच हवं.

१८५३ मध्ये ते ब्रिटिश प्रजाजन झाले, पण सही केली हिब्रूत. फेटा आणि लांब अंगरखा हा बगदादी पेहरावही त्यांनी सोडला नाही. मुंबईच्या ससून ग्रंथालयातल्या संगमरवरी पुतळ्यात तो दिसतो.

दानधर्मात हात सढळ. पुण्याच्या कॅम्पातलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), म्हणजेच लाल विटांचं, घड्याळाच्या उंच मनोऱ्याचं ‘लाल देऊळ’, त्यांनीच बांधायला घेतलं. पुण्यातच त्यांचं निधन झालं. कबर सिनेगॉगच्याच आवारात आहे.

त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं ससून रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झालं.