पाळीव कुत्र्याच्या पिल्लाचे स्वच्छताशिक्षण : आगरदांडा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

हट्टाचे तीन प्रकार आपल्याकडे परंपरेने सांगितले जातात : बालहट्ट, स्त्रीहट्ट आणि राजहट्ट. कुत्र्याचा हट्ट या यादीत नाही. त्याच्यासाठी भाषेने शेपटीची म्हण राखून ठेवली आहे. बारा वर्षे नळीत घातले तरी कुत्र्याचे शेपूट वाकडे ते वाकडेच. पाळलेले पिल्लू सात-आठ महिन्यांचे झाले तरी पडवीत किंवा माजघरात घाण करते, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी ही म्हण उच्चारतात आणि विचार तेथेच थांबतो. असे पिल्लू पुढे गावाबाहेर किंवा बाजारपेठेत सोडून दिले जाण्याची शक्यता मोठी असते. ज्याला आपण हट्ट म्हणतो तो बहुतेक वेळा शिक्षणाचा अभाव नसून पिल्लाने अतिशय नेमकेपणाने घेतलेल्या शिक्षणाचा परिणाम असतो, हा विचार प्रस्तुत लेखात मांडावयाचा आहे.

विवेचनासाठी आगरदांडा परिसर निवडण्यामागे कारण आहे. मुरूड तालुक्यातील हे गाव राजपुरी खाडीच्या उत्तर काठावर वसले असून समोरच्या काठावर दिघी आहे. नारळ-सुपारीच्या वाड्या, मासेमारी आणि वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस ही या किनाऱ्याची वैशिष्ट्ये होत. पूर्वी येथील कुत्र्याचे स्थान अंगणात, वाडीत किंवा होड्यांजवळ होते. दत्तात्रेयांच्या पायाशी आणि खंडोबाच्या सोबतीला कुत्रा असला, तरी माजघराचा उंबरठा त्याच्यासाठी नव्हता. त्यामुळे त्याला शौचाची जागा शिकविण्याचा प्रश्नही उद्भवत नव्हता. आता घरांत लादी आली, अंगणात पेव्हर ब्लॉक बसले. फणसाड अभयारण्याच्या परिसरात बिबट्याचा वावर असल्याने रात्री कुत्रा आत घेणे शहाणपणाचे ठरते. कुत्रा घरात आला. घरात राहण्याचे शिक्षण मात्र त्याच्याबरोबर आपोआप आले नाही.

पिल्लाची जडणघडण :

नवजात पिल्लाला स्वतःहून मलमूत्रविसर्जन करता येत नाही. पहिले दोन-तीन आठवडे मादी चाटून ती क्रिया घडवून आणते आणि जागा स्वच्छ ठेवते. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लू झोपण्याच्या जागेपासून दूर सरकून हे काम करू लागते. स्वच्छतेची ही प्रेरणा उपजत आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत दीर्घकाळ केलेल्या अभ्यासावर आधारित ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. साडेआठ आठवड्यांच्या सुमारास पिल्ले विसर्जनासाठी ठरावीक जागा निवडू लागतात, असे त्यांना आढळले. म्हणजेच पिल्लू दुसऱ्याच्या घरी दिले जाते नेमक्या त्याच वयात त्याच्या मनात जागेची आणि पायाखालच्या पृष्ठभागाची खूण पक्की होत असते. माती, गवत, वाळू, गोणपाट अथवा लादी, यांपैकी जे पायाला लागेल ते त्याच्या लेखी ‘जागा’ ठरते.

शारीरिक मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. वयाच्या महिन्यांत एक मिळवावा आणि तितके तास ही दिवसा मूत्र रोखण्याची कमाल मर्यादा समजावी, असा ढोबळ ठोकताळा प्रशिक्षक वापरतात. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तासांहून अधिक काळ कोंडून ठेवले आणि त्याने घाण केली, तर तो हट्ट नव्हे, शरीरधर्म होय. झोपेतून उठल्यावर, खेळ संपल्यावर आणि खाल्ल्यानंतर पंधरा ते तीस मिनिटांत त्याला बाहेर नेणे आवश्यक असते. अन्न पोटात गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून जेवणाच्या वेळा ठरल्या की शौचाच्या वेळाही बऱ्याच अंशी ठरतात. दिवसभर उष्टे-खरकटे आणि कोळीवाड्यात मासळीची डोकी मिळत राहिली, तर कोणतेही वेळापत्रक टिकणार नाही.

बी.एड्.च्या वर्गात पाव्हलॉव्हचा कुत्रा आणि थॉर्नडाइकचा परिणामाचा नियम आपण वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो. दारातल्या कुत्र्याला मात्र हे नियम लावून पाहिले जात नाहीत, ही काहीशी गमतीची गोष्ट आहे. ज्या कृतीनंतर सुखद परिणाम घडतो ती दृढ होते, हा तो नियम. येथे ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ एक-दोन सेकंद इतकाच आहे. पिल्लाने वाडीत विसर्जन केले आणि घरात परतल्यावर त्याला भाकरीचा तुकडा दिला, तर ते घरात परतणे शिकते. तुकडा त्याच जागी, क्रिया संपताक्षणी द्यावयास हवा. दरवेळी दोरीने बांधून एकाच ठिकाणी न्यावे, एकच शब्द उच्चारावा आणि काम झाल्याबरोबर लगेच घरात आणू नये. काम आटोपले की फिरणे संपते, असे लक्षात आले तर पिल्लू काम लांबवू लागते.

मृगाचा पाऊस आणि कुमारवय :

भाद्रपदातील कुत्र्यांचा उल्लेख मराठी बोलीत चेष्टेने होत असला, तरी त्यामागे खरे निरीक्षण आहे. आपल्याकडील मोकाट कुत्र्यांचा समागमकाळ मुख्यतः पावसाळ्याच्या उत्तरार्धात असतो. गर्भकाळ सुमारे त्रेसष्ट दिवसांचा. त्यामुळे गावठी पिल्ले बहुधा कार्तिक-मार्गशीर्षात जन्मतात आणि पौषाच्या आसपास माणसाच्या घरी येतात.

त्या वेळी कोकणातील घराचे रूप कसे असते? दिवाळीनंतर अंगण चोपून, सारवून तयार केलेले असते. वर झावळ्यांचा मांडव असतो. वाडीतील माती कोरडी, भुसभुशीत असते. पिल्लाला नारळीच्या आळ्याशी नेले की ते दोन-चार आठवड्यांत सवय लावून घेते. घरातील माणसे समाधान पावतात. जूनमध्ये मृग लागतो. मांडव उतरलेला असतो, अंगणात चिखल आणि पुढे शेवाळ होते, आळे पाण्याने भरते. पिल्लाने शिकलेली जागाच नाहीशी होते. अंगावर सरींचा मारा आणि छपरावर पत्र्याचा आवाज असतो. ते दारापर्यंत जाते, बाहेर पाहते आणि पडवीतल्या लाकडांच्या ढिगाआड काम उरकते. माणसाला वाटते, शिकलेले विसरला. वस्तुतः तो काहीच विसरलेला नाही. त्याला ‘घराबाहेर’ ही कल्पना कधी शिकविलीच नव्हती. त्याने ‘कोरडी माती’ शिकली होती, आणि पडवीच्या कोपऱ्यात तीच उरली आहे.

येथे आणखी एक योग जुळून येतो. कार्तिकात जन्मलेले पिल्लू मृगाच्या वेळी सात-आठ महिन्यांचे, म्हणजे कुमारवयाचे असते. न्यूकॅसल विद्यापीठातील ल्युसी ॲशर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, मार्गदर्शक म्हणून तयार केली जाणारी कुत्री पाच महिन्यांच्या वयापेक्षा आठव्या महिन्यात आपल्या सांभाळकर्त्याची आज्ञा कमी पाळतात, असे दिसून आले. अनोळखी व्यक्तीच्या बाबतीत मात्र तशी घट आढळली नाही. कुमारवयीन मुलांच्या पालकांना यात नवल वाटणार नाही. ही अवस्था तात्पुरती असते, हे अधिक महत्त्वाचे. नर याच सुमारास पाय वर करून खुणा करू लागतो. ही सवय शौचशिक्षणाच्या अभावापेक्षा वेगळी असून निर्बीजीकरणानंतर ती अनेकदा कमी होते.

उपाय आगोटीच्या तयारीतच करावयाचा असतो. सुके मासे, लाकूडफाटा यांची बेगमी वैशाख-ज्येष्ठात होते, तशीच पिल्लाच्या जागेची बेगमी मे महिन्यात करावी. न्हाणीमागे किंवा पडवीच्या टोकाला पत्र्याखाली, झापांचा आडोसा लावून, उथळ लाकडी चौकटीत वाडीतलीच कोरडी माती पसरावी. पाऊस सुरू होण्यापूर्वी तीन आठवडे त्याला तेथे नेण्यास आरंभ करावा. पृष्ठभाग ओळखीचा राहतो. बदलते ती केवळ जागा. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या तर पिल्लू गोंधळते.

शिक्षेविषयी :

घाण केलेल्या जागी कुत्र्याचे नाक घासणे आणि फटके देणे ही पद्धत आजही प्रचलित आहे. ‘त्याला आपली चूक कळते, बघा कसा मान खाली घालतो’, असे समर्थन केले जाते. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये चौदा कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगातून या समजुतीची तपासणी केली. कुत्र्याने मनाई केलेला पदार्थ खाल्ला आहे की नाही, यावर त्याचा अपराधी चेहरा अवलंबून नव्हता. मालक रागावतो की नाही, यावर तो अवलंबून होता. मान खाली घालणे हे पश्चात्तापाचे नव्हे, भीतीचे लक्षण आहे. मार खाल्लेले पिल्लू घाण करण्याचे थांबत नाही. माणसासमोर करण्याचे तेवढे थांबवते. मग दोरीला धरून वाडीत नेल्यावरही ते अडून बसते आणि दोरी सुटताच कपाटामागे जाते. येथे ‘हट्ट’ हा शब्द पुन्हा वापरला जातो. माणूस रागावून घरात शिरताच घाबरून मूत्र सुटणारी पिल्लेही असतात. त्यांच्यावर ओरडल्याने त्रास वाढतोच. शिकलेली मादी अचानक वारंवार थोडे थोडे मूत्र करू लागली, तर मूत्रमार्गाच्या संसर्गाची शंका घेऊन पशुवैद्यकास दाखवावे.

साखळीने दिवसभर बांधून ठेवणे हा उपाय तर नव्हेच. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील अकराव्या कलमानुसार अवाजवी काळ आखूड साखळीने बांधणे आणि प्राण्याला वाऱ्यावर सोडून देणे, ही दोन्ही कृत्ये दंडनीय आहेत.

जमीन आणि आरोग्य :

फिनेलचा उग्र वास माणसाच्या नाकापुरता मूत्राचा वास झाकतो. कुत्र्याच्या नाकाला तो झाकता येत नाही. अमोनियायुक्त द्रव तर मूत्राच्या वासाशीच जुळतो. लादी साबणाच्या पाण्याने धुऊन मग विकरयुक्त द्रवाने पुसावी. जांभा दगड सच्छिद्र असल्याने त्यात ओल आणि वास मुरतो; तेथे एकदा धुऊन भागत नाही. सारवलेल्या जमिनीचा भिजलेला थर खरवडून ती नव्याने सारवणे हाच मार्ग.

हा प्रश्न केवळ घराच्या नीटनेटकेपणाचा नाही. लेप्टोस्पायरा हे जंतू उंदीर, गुरे आणि कुत्री यांच्या मूत्रातून बाहेर पडतात, ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात टिकतात आणि कातडीवरील जखमेवाटे शरीरात शिरतात. भातलावणीच्या दिवसांत अनवाणी पायांनी चिखलात उभ्या असणाऱ्यांना हा धोका अधिक. म्हणून मातीची चौकट विहिरीपासून, वाहत्या पन्हळीपासून आणि मासळी वाळविण्याच्या जागेपासून दूर असावी. कुत्र्याला या रोगाची लस दरवर्षी द्यावी. विष्ठा त्याच दिवशी उचलून खोल पुरावी. टोक्सोकारा जंताची अंडी मातीत पडल्यावर संसर्गक्षम होण्यास साधारण दोन-तीन आठवडे लागतात आणि अंगणात खेळणाऱ्या लहान मुलांच्या हातून ती तोंडात जाऊ शकतात.

नवरात्रानंतर पाऊस ओसरला की चौकट एकदम काढून टाकू नये. ती दर दोन-तीन दिवसांनी हातभर वाडीच्या दिशेने सरकवावी आणि आळ्यापाशी पोहोचल्यावर तिच्यातील माती तेथेच मिसळून टाकावी. ज्यांच्या अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत त्यांनी ती माडाच्या बुंध्यापर्यंत न्यावी, ब्लॉकवर थांबवू नये. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात कुत्र्याला घरातली लादी आणि अंगणातली लादी यांत फरक करता येणार नाही.