मिठाने राखलेलं गाव

ऑस्ट्रियातल्या हॉलस्टाट गावाचा फोटो पाहिला नाही असा माणूस आता विरळाच. मागे सरळसोट कडा, पुढे तळ्याचं गर्द पाणी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीने उभी लाकडी घरं. गावात राहणारी माणसं आठशेच्याही आत. भर हंगामात एकेका दिवशी येणारे पर्यटक मात्र दहा हजारांवर जातात. त्यातले बहुतेक काठावरच्या एका ठरावीक जागेवरून फोटो काढतात आणि तास-दोन तासांत परततात. मला त्यांची हळहळ वाटते. या गावाचं मोठेपण त्या फोटोत येत नाही. ते वर डोंगरात, खाणीच्या काळोखात आहे.

आगगाडी आजही गावात येत नाही. 1877 साली लोहमार्ग आला तो समोरच्या काठावर, म्हणून स्थानकातून उतरलं की होडीने तळं ओलांडायचं. गाडीरस्ता तर 1890 पर्यंत नव्हताच. त्याआधी होडी, नाहीतर कड्याकडेच्या पायवाटा. अशा अडचणीच्या जागी माणसं कशासाठी राहिली? मिठासाठी. आपल्याकडे मीठ म्हटलं की मिठागर डोळ्यांपुढे येतं, उपासाला लागतं ते सैंधव मात्र खाणीतलं. हॉलस्टाटच्या डोंगरात असंच खाणीतलं मीठ आहे, आणि माणूस ते सुमारे सात हजार वर्षं काढतो आहे. 1838 साली इथे सांबरशिंगाची एक कुदळ सापडली. ती नवाश्मयुगातली आहे.

मीठ कुजणं थांबवतं. एरवी मातीत शे-दोनशे वर्षांत नाहीशा होणाऱ्या वस्तू इथे टिकल्या त्या त्यामुळेच: लोकरीच्या कापडाचे रंगीत तुकडे, कातडी टोप्या, दोर, जळून अर्धवट उरलेल्या मशालीच्या काड्या. 2003 साली खाणीत एक लाकडी जिना मिळाला. लांबी आठ मीटर. लाकडातली वर्षवलयं मोजून काळ निघाला इसवी सनपूर्व 1344. युरोपात याहून जुना लाकडी जिना सापडलेला नाही. दोन बाजूंच्या तुळयांना खाच पाडून त्यात पायऱ्या बसवल्या आहेत. उतार बदलला तर पायऱ्यांचा कोनही बदलता यावा, अशी योजना. खिळा एकही नाही. डोंगराच्या दाबाने जिना चिरडला जाईल म्हणून सुटा करून खाणीतच नव्या जागी उभा केला आहे. त्याच्यापुढे उभं राहिलं की ज्या सुताराने हे डोकं चालवलं, त्याचं नाव कुठेच नाही याची चुटपुट लागते.

दुसरी वस्तू गाईच्या कातड्याची पाठपिशवी. लाकडी चौकटीवर शिवलेली, एकाच खांद्यावर पट्टा, दुसऱ्या हातात धरायला दांडा. दांडा सोडला की पिशवी कलते आणि मीठ मागे ओतलं जातं. ओझं पाठीवरून उतरवायची गरज नाही. हमाली करणाऱ्या माणसानेच हे शोधून काढलं असणार.

त्यांचं जेवणही कळतं, कारण मिठाने त्यांची विष्ठासुद्धा जपून ठेवली. जव, भरडधान्य आणि घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे एकत्र शिजवलेलं दाट कालवण, हे रोजचं अन्न. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लोहयुगातल्या एका नमुन्यात बियरच्या किण्वाचे आणि निळसर बुरशीच्या चीजच्या बुरशीचे अंश मिळाले. म्हणजे सत्तावीसशे वर्षांपूर्वीचा खाणकामगार बियर पीत होता आणि मुरवलेलं चीज खात होता.

खाणीच्या तोंडाशी, उंचावरच्या दरीत, त्या लोकांची दफनभूमी आहे. खाणीतला अधिकारी योहान गेओर्ग राम्साउअर याने 1846 ते 1863 या काळात तिथली 980 थडगी उकरली आणि प्रत्येक थडग्याची जागा, सांगाड्याची ठेवण, वस्तू यांची चित्रं जलरंगात काढून घेतली. त्या काळी नुसता ऐवज काढून विकण्याची रीत होती. या माणसाची शिस्त पाहिली की आदर वाटतो. बाल्टिक किनाऱ्याचा अंबर, आफ्रिकेतला हस्तिदंत, काशाची भांडी असा ऐवज त्यात मिळाला. इसवी सनपूर्व 800 ते 450 या युरोपीय लोहयुगाच्या कालखंडाला पुढे याच गावाचं नाव मिळालं. आणि हा ऐवज बाळगणारे केवळ धनी नव्हते. हाडांच्या अभ्यासात पुरुषांच्या सांध्यांवर टिकाव मारल्याच्या, तर बायकांच्या सांध्यांवर एका खांद्याने ओझं वाहिल्याच्या खुणा दिसल्या. श्रीमंती होती, पण ती घामाची होती. लहान मुलंही खाणीत राबत होती.

मिठावर पुढे राजाचा हक्क आला. 1595 पासून पुढच्या बारा वर्षांत खारं पाणी एबेन्झे गावापर्यंत नेणारी चाळीस किलोमीटरची वाहिनी बांधली. तिच्यासाठी तेरा हजार झाडांचे बुंधे आतून पोखरले. आपल्याकडे 1930 साली शिरोड्याला मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या. सत्तेला मिठाचा मोह किती, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. 1734 साली कामगारांना खडकात रुतलेलं, मिठाने टिकवलेलं एक प्राचीन प्रेत दिसलं. त्याच वर्षी प्रॉटेस्टंट पंथ सोडायला नकार देणाऱ्या या भागातल्या कुटुंबांना नावांत घालून डॅन्यूबमार्गे ट्रान्सिल्वेनियाला पाठवायला सुरुवात झाली. पुढच्या काही वर्षांत सहाशेहून अधिक माणसं अशी देशोधडीला लागली. गावात आज काठाशी प्रॉटेस्टंट चर्च दिमाखात उभं आहे, ते बांधलं गेलं 1863 साली.

वरच्या कॅथलिक चर्चलगत सेंट मिखाएलचं छोटं देऊळ आहे. दफनाला जागा अपुरी, म्हणून काही वर्षांनी अस्थी बाहेर काढून इथे ठेवत. बाराशेच्या वर कवट्या आहेत, त्यांतल्या सहाशे दहा रंगवलेल्या: नाव, मृत्यूचं साल, पुरुषांना ओक वा आयव्हीच्या पानांची माळ, स्त्रियांना फुलं. पाहताना अंगावर काटा येत नाही. उलट, घरच्यांनी किती निगुतीने निरोप दिलाय ते जाणवतं. शेवटची कवटी 1995 साली आली.

1997 साली डाख्श्टाइन डोंगरासह हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. 2012 साली चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात या गावाची हुबेहूब प्रतिकृतीही उभी राहिली. गर्दीला कंटाळून गावकऱ्यांनी 2023 साली निदर्शनं केली. त्यांचं म्हणणं रास्त आहे: रस्ता बंद, शांतता नाही, आणि येणारा माणूस गाव न पाहताच जातो. पर्यटकांच्या बसना आता आधी वेळ राखून घ्यावी लागते. जाणाऱ्याने निदान एक रात्र मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी सकाळीच रज्जूमार्गाने वर जावं, खाण पाहावी, दफनभूमीच्या दरीतून पायी खाली उतरावं आणि मग गावातल्या संग्रहालयात शिरावं. व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचे संशोधक 1960 पासून या खाणीत खोदकाम करताहेत, आणि प्राचीन बोगद्यांचा बराच भाग अजून मिठाखाली आहे.