राखेला पुन्हा पेटवताना

आइसलँडमध्ये स्वार्त्सेंगी नावाचं भू-औष्णिक वीजकेंद्र आहे. पर्यटक ज्या ‘ब्लू लगून’मध्ये डुंबतात, तिथलं कोमट निळं पाणी याच केंद्रातून बाहेर पडतं. जमिनीच्या पोटातल्या वाफेबरोबर इथे कार्बन डायऑक्साइडही वर येतो. ‘कार्बन रीसायकलिंग इंटरनॅशनल’ या कंपनीने २०१२ च्या सुमारास त्यापासून मिथेनॉल बनवायला सुरुवात केली. क्षमता अशी: वर्षाला ५,५०० टन वायू आत, ४,००० टन इंधन बाहेर. कारखान्याला नाव दिलं जॉर्ज ओला यांचं. १९९४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलेल्या ओलांनी खनिज तेलाच्या जागी मिथेनॉल आणण्याचा विचार आयुष्याच्या उत्तरार्धात हिरिरीने मांडला. त्या कामात त्यांचे जवळचे सहकारी होते मूळचे भारतीय रसायनशास्त्रज्ञ सूर्य प्रकाश.

हे वाचून वाटतं, मग प्रत्येक धुराड्याला असं यंत्र का बसवू नये?

अडचण अशी की कार्बन डायऑक्साइड ही कार्बनची राख आहे. त्यातली ऊर्जा जळतानाच निघून गेली. राखेचं पुन्हा लाकूड करायचं, तर तेवढी ऊर्जा बाहेरून घालावी लागते, वर घट सोसावी लागते ती वेगळीच. ही ऊर्जा हायड्रोजनच्या रूपाने येते. एक टन मिथेनॉलला साधारण १९० किलो हायड्रोजन लागतो. पाण्याचं विघटन करून तो मिळवायला जवळपास दहा हजार युनिट वीज जाते आणि त्या टनभर इंधनातून उष्णता परत मिळते ती साडेपाच हजार युनिटांच्या आसपास. आइसलँडला हे परवडतं, कारण तिथली वीज पाण्याची आणि भूगर्भातल्या उष्णतेची.

आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या विंध्याचल औष्णिक केंद्रात एनटीपीसीने धुरातून रोज २० टन वायू वेगळा काढून १० टन मिथेनॉल बनवण्याचा प्रकल्प उभारला आहे. शिकण्यासाठी तो हवाच, आणि तिथल्या अभियंत्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पण ४,७६० मेगावॉटचं हे केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं, तर दिवसाला लाखभर टन वायू सोडेल. शिवाय लागणारी दहा हजार युनिटं कोळशाच्याच विजेची असतील, तर एक टन मिथेनॉलसाठी सुमारे दहा टन नवा वायू हवेत जाईल. पकडला जाईल जेमतेम दोन टन. कोळशाच्या केंद्रासाठी खरा उपाय कोळसा कमी जाळणं हाच, असं मला हा हिशेब मांडल्यावर ठामपणे वाटतं.

चुनाभट्टीचं मात्र वेगळं आहे. चीनमधल्या आनयांगला २०२२ मध्ये याच आइसलँडी तंत्राचा मोठा कारखाना सुरू झाला. तो चुनाभट्ट्यांमधून वर्षाला १ लाख ६० हजार टन वायू घेतो. हायड्रोजन मिळतो कोक भट्ट्यांच्या वायूतून, म्हणजे तिथेही मुळाशी कोळसा आहेच. तरीही जागा योग्य निवडली आहे. चुनखडी भाजली की कार्बन डायऑक्साइड त्या दगडातूनच निघतो. भट्टी सौर विजेवर तापवली, तरी तो थांबत नाही. सिमेंटचंही तेच: निम्म्याहून जास्त वायू चुनखडीतला.

आणि चुनखडी म्हटलं की चंद्रपूर आलंच. गडचांदूर, घुग्घुसच्या सिमेंट कारखान्यांची धुराडी डोळ्यांसमोर येतात. विदर्भात उन्हाचीही कमी नाही. त्या उन्हातून वीज आणि विजेतून हायड्रोजन करायचा असेल, तर पहिलं यंत्र त्या धुराड्यांशी बसायला हवं.