फांद्या बारीक करण्याचे यंत्र घेताना

भिवंडी म्हटली की यंत्रमाग आणि गोदामे डोळ्यांपुढे येतात. पण गोदामांच्या आवारात, सोसायट्यांच्या अंगणात आणि रस्त्याच्या कडेला झाडेही आहेत. त्यांची निगा राखण्याचे काम आपल्या खेड्यांतल्या माणसांना मिळते. कोणी रोजाने जातो, कोणी चार सोबती जमवून कामाचा मक्ता घेतो.

छाटणी एका दिवसात उरकते. मागे राहतो फांद्यांचा ढीग. त्याचे करायचे काय? रस्त्यावर किंवा मोकळ्या जागी जाळावा, तर धुराने लोकांचे डोळे झोंबतात. शिवाय सरकारी नियमांनी असे जाळायला मनाई केली आहे. टेम्पोत भरावा, तर फांद्या एकमेकींत अडकून बसतात आणि अर्धा टेम्पो हवेनेच भरतो. धामणकर नाक्याच्या गर्दीतून अशा दोन खेपा केल्या की निम्मा दिवस गेला आणि भाडेही गेले.

म्हणून काही जण फांद्या बारीक करण्याचे यंत्र घ्यायचे म्हणतात. बाजारात त्याला चिपर म्हणतात. त्यात एक जड तबकडी जोराने फिरते. तबकडीवर धारदार पाती असतात. एका तोंडातून फांदी आत जाते, दुसऱ्या तोंडातून तिचे तुकडे बाहेर पडतात. काम सोपे दिसते. पण यंत्र घाईने घेतले, तर कष्टाचा पैसा बुडतो; आणि निष्काळजीपणे चालवले, तर हात जातो. म्हणून आधी नीट विचार करू या.

पहिली गोष्ट, फांद्या मोजा.

दुकानात जाण्याआधी महिनाभर आपल्या कामावरच्या फांद्या पाहा. मनगटाएवढी किंवा त्याहून जाड फांदी यंत्रात घालायची गरजच काय? ती तोडून बाजूला ठेवा. ते सरपण आहे, त्याला गिऱ्हाईक मिळते. यंत्रासाठी उरतात त्या बारीक फांद्या. ढिगाची खरी जागा त्याच अडवतात. तेव्हा मोठ्यात मोठी फांदी पाहून यंत्र घेऊ नका. रोज जी फांदी हाती येते, ती पाहून घ्या.

यात एक हिशेब आहे. एक इंच जाडीच्या फांदीपेक्षा दोन इंच जाडीची फांदी दुप्पट दिसते. पण तिच्यात लाकूड चौपट असते. म्हणून थोडी जास्त जाडी कापायची, तर यंत्राची ताकद पुष्कळ वाढवावी लागते आणि किंमतही वाढते. माहितीपत्रकात छापलेली जाडी ही शेवटची मर्यादा समजावी. रोजच्या कामाला त्याहून कमीच धरावी.

दुसरी गोष्ट, वीज की पेट्रोल?

विजेचे यंत्र हलके असते. ते आवाज कमी करते आणि त्याची देखभालही थोडी. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे तीन अश्वशक्तीची मोटर पूर्ण जोराने चालली, तर तासाला सव्वादोन युनिटांहून थोडी जास्त वीज खाते. पण कामाच्या जागी वीज मिळाली पाहिजे. लांबवर बारीक वायर ओढली, तर वायर तापते आणि मोटरही जळते. वायर जाड हवी, अर्थिंग हवेच. पावसात यंत्र चालवू नये.

पेट्रोलचे यंत्र कुठेही नेता येते. ताकदही जास्त मिळते. पण तेल बदलणे, हवेची जाळी साफ करणे ही कामे मागे लागतात. एकाच आवारात नेहमीचे काम असेल, तर वीज बरी. रोज नवी जागा असेल, तर पेट्रोल बरे.

तिसरी गोष्ट, पाती आणि सुटे भाग.

पाती सहज काढता येतात का? धार लावता येते का? नवी पाती, पट्टा आणि बेअरिंग कुठे मिळतील? हे विकत घेण्याआधी विचारा. यंत्रमागांमुळे भिवंडीत मोटर बांधणारे कारागीर आहेत. ही आपली सोय. पण साध्या लोखंडाची पाती मात्र बनवून घेऊ नका. ती तुटून उडाली तर जीव जाईल. यंत्र स्वस्त आणि सुटे भाग महाग, असे झाले तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

दुकानदाराला सांगा, "आमच्या फांद्या घालून दाखवा." ओली फांदी कोणतेही यंत्र कापते. वाळलेली बाभूळ घालून पाहा. माडाची झावळी घालून पाहा. तिचे धागे तबकडीला गुंडाळतात. कडबा कुट्टीच्या यंत्रात मात्र फांद्या घालू नयेत. ते वैरणीसाठी केलेले असते.

चौथी गोष्ट, घ्यावे की भाड्याने आणावे?

समजा, यंत्र ४०,००० रुपयांचे आहे आणि पाच वर्षे टिकते. म्हणजे वर्षाचे ८,००० झाले. दुरुस्ती आणि पाती यांचे वर्षाला ६,००० धरू. एकूण १४,०००. वर्षात ७० दिवस चालले, तर दिवसाला २०० रुपये पडतात. दहाच दिवस चालले, तर दिवसाला १,४०० पडतात! पेट्रोल आणि मजुरी वेगळी. आता टेम्पोच्या वाचलेल्या खेपांचे भाडे याच्याशी ताडून पाहा. दिवस थोडे असतील तर यंत्र भाड्याने आणा, नाही तर चौघांनी मिळून घ्या. त्यासाठी कर्ज मात्र काढू नका.

पाचवी गोष्ट सर्वांत मोठी, हात सांभाळा.

फांदी घालायचे तोंड आपल्या हातापेक्षा लांब असावे. अडकलेली फांदी हाताने कधीही ढकलू नये, दुसऱ्या फांदीने ढकलावी. बटण बंद केल्यावरही तबकडी काही वेळ फिरत राहते. ती पुरी थांबू द्या. विजेचे यंत्र असेल तर प्लग काढा, पेट्रोलचे असेल तर स्पार्क प्लगची टोपी काढा, मगच झाकण उघडा. गळ्यात उपरणे नको, धोतराचा सोगा नको, पदर मोकळा नको, हातात कडे नको. डोळ्यांना चष्मा लावा. पोरांना जवळ येऊ देऊ नका. फांद्यांत खिळा, तार किंवा दगड नाही ना, तेही पाहा.

निघालेला भुसा फेकू नका. झाडाच्या आळ्यात दोन-तीन इंच जाडीचा थर पसरा, पण खोडाला लावू नका. उन्हाळ्यात ओल टिकते, पाणी कमी लागते. शेण मिसळून खड्ड्यात कुजवला, तर कालांतराने खतही होते. ज्याच्या बागेत काम केले, त्याच्याच बागेत तो भुसा कामी आला, तर टेम्पोची एक खेपही लागत नाही.

तेव्हा आधी फांद्या मोजा, मग कामाचे दिवस मोजा आणि शेवटी पैसे मोजा. हा क्रम उलटा करू नका.