विश्लेषण : दादा कोंडके यांची ‘चावट’ गाणी अजून का वाजतात?

लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी आज मॉल आणि काचेची ऑफिसे उभी आहेत. वरातीच्या बँडवर मात्र ‘ढगाला लागली कळ’ अजूनही हमखास वाजते.

गाणे कुणाचे?
‘बोट लावीन तिथे गुदगुल्या’ (१९७८) या चित्रपटातले. शब्द दादांचे, संगीत राम-लक्ष्मण यांचे, आवाज महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर यांचा. २०१९ मध्ये हिंदी ‘ड्रीम गर्ल’नेही ते नव्याने वापरले.

दादा कोण?
८ ऑगस्ट १९३२ रोजी नायगावात गिरणी कामगाराच्या घरात जन्म. बँडपथक, सेवा दलाचे कलापथक, मग ‘विच्छा माझी पुरी करा’ हे वगनाट्य. ‘सोंगाड्या’ (१९७१) गाजला आणि सलग नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपटांमुळे त्यांचे नाव गिनीज बुकात गेले.

चावटपणा कुठे?
शब्द साधेच. दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो, त्यामुळे कात्री नेमकी कुठे लावायची, हा सेन्सॉरपुढचा पेच.

टीका काय?
अभिरुचीहीन म्हणून अनेकांनी नाके मुरडली. पण पाळी संपवून थिएटर गाठणाऱ्या कामगाराला पडद्यावर त्याचीच भाषा बोलणारा भोळा नायक दिसला. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव विखुरले, गाणी उरली.