घर घेताना वकील कुणाचा?

मागच्या वेळी आपण बोललो घरावर बाईचं नाव असावं याबद्दल. त्यानंतर बऱ्याच जणींनी विचारलं, "ताई, नाव लावायचं ते पटलं, पण कागद कुणाकडून करून घ्यायचे? वकील कसा शोधायचा?" आज तेच बोलू या.

आधी एक गोष्ट सांगते. आपल्यासारखीच एक बाई. पंधरा वर्षं शिलाई केली, भिशी लावली, दोन बांगड्या मोडल्या आणि तालुक्याच्या गावी दोन खोल्यांचं घर घेतलं. खरेदीखत झालं, रजिस्टर झालं, सगळं रीतसर. दोन वर्षांनी दारात नोटीस आली. विकणाऱ्याच्या बहिणीनं दावा लावला होता. घर मूळ वडलांचं. वडील मृत्युपत्र न करता गेले. भावानं एकट्याचं नाव उताऱ्यावर लावून घर विकलं, बहिणीची सही नाही.

ती बाई मला म्हणाली, "अहो, पण आम्ही वकील केला होता की!" मी विचारलं, "तो वकील कुणी आणला होता?" ती जरा थांबली. म्हणाली, "एजंटानं." "आणि एजंट कुणाचा?" "विकणाऱ्याचा."

इथंच सगळं आलं. वकील होता, पण तिचा नव्हता. आणि लक्षात घ्या, ती बहीणही काही चुकीची नव्हती. हिंदू वारसा कायद्यानं वडलांच्या मागे आई, मुलगे आणि मुली सगळे सारखेच वारस. तिचा हक्क होताच. शेवटी समेट झाला, बहिणीला तिच्या वाट्याचे पैसे दिले, तिनं सही केली. पण ते पैसे भरले कुणी? शिलाई करणाऱ्या बाईनं, बचत गटाचं कर्ज काढून.

रजिस्टर झालं म्हणजे झालं का?

आपल्याला वाटतं, सरकारी कचेरीत शिक्का बसला म्हणजे सरकारनं तपासलं. तसं नसतं. दुय्यम निबंधक बघतात की दस्तावर मुद्रांक शुल्क बरोबर भरलं का, माणसं तीच आहेत का, सह्या-अंगठे झाले का. विकणारा खरोखर एकटा मालक आहे का, याची हमी ते देत नाहीत. ती खात्री घेणाऱ्यानं करायची.

दुसरा गैरसमज उताऱ्याचा. ७/१२ वर नाव आहे, मिळकत पत्रिकेवर आहे, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला आहे, मग झालं! हे उतारे हवेतच, पण उताऱ्यावर नाव लागलं म्हणून कुणी मालक होत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. नाव कशाच्या आधारे लागलं, तो फेरफार आणि त्यामागचा दस्त बघावा लागतो.

तिसरा गैरसमज बँकेचा. "बँकेनं कर्ज दिलं, त्यांच्या वकिलानं बघितलंच असेल." बघितलं असेल, पण बँकेसाठी. बँकेला तिचं कर्ज सुरक्षित हवं. तुमचं घर सुरक्षित आहे की नाही, हे बघायला तुमचा माणूस हवा.

आणि एक अगदी हात जोडून सांगते. शंभराच्या नाहीतर पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घर किंवा जागा घेऊ नका. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावरही घेऊ नका. १९०८ च्या नोंदणी कायद्यानं शंभर रुपयांच्या वरच्या कुठल्याही स्थावर मिळकतीची विक्री नोंदवावीच लागते. नोटरीच्या शिक्क्यानं मालकी येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली कुलमुखत्यारपत्रावरच्या विक्रीबद्दलही हेच सांगितलं आहे.

जवळचा वकील का?

मुंबईत घरांच्या कागदांसाठी 'सॉलिसिटर' अशी पाटी दिसते. बाकी महाराष्ट्रात हे काम वकीलच करतात. पण सगळेच वकील हे काम करत नाहीत. कुणी फौजदारी खटले चालवतो, कुणी अपघाताचे दावे. आपल्याला हवा तो दिवाणीचं आणि मिळकतीच्या कागदांचं काम रोज करणारा.

तो शक्यतो त्याच तालुक्यातला असावा. कारण घराचा इतिहास तिथल्याच कचेऱ्यांत असतो. नोंदणी कार्यालय, तलाठी, भूमी अभिलेख, नगरपालिका. अलीकडच्या दस्तांची सूची, म्हणजे इंडेक्स टू, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. पण जुन्या वर्षांसाठी कचेरीत बसून वह्या चाळाव्या लागतात. कोणत्या गटाचे पुढे किती हिस्से पडले, कुठल्या वस्तीत नुसत्या नोटरीवर प्लॉट विकले गेले, कुठल्या वाड्याचा भाऊबंदकीचा दावा चालू आहे, हे तिथल्या वकिलाला कानावर असतं.

पण जवळचा म्हणजे एजंटाच्या जवळचा नव्हे! वकील शोधताना एजंट, बिल्डर आणि विकणारा या तिघांना विचारू नका. ज्यांनी गेल्या चार-पाच वर्षांत घर घेतलं, अशा दोन-तीन जणींना विचारा. शाळेतल्या बाईंना, बचत गटाच्या ताईंना विचारा. वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे, त्यामुळे चांगला वकील फलकावरून सापडत नाही, तोंडी चौकशीतूनच सापडतो.

दस्तलेखक आणि वकील यांतही फरक आहे. दस्तलेखक कागद सुबक लिहून देतील, पण मालकी तपासणं हे त्यांचं काम नाही.

पहिल्या भेटीत काय विचारायचं?

वकिलाकडे जाताना आपण दबून जातो. नवरा, दीर, भाऊ बोलतो आणि आपण मागं बसतो. असं करू नका. पैसे आपले, घर आपलं. वही घेऊन जा आणि विचारा.

पहिला प्रश्न: "साहेब, समोरच्या पार्टीचं किंवा या एजंटाचं काम तुम्ही करता का?" बाई वकील असतील तर "मॅडम" म्हणा, पण प्रश्न हाच. याच व्यवहारात समोरच्याला सल्ला दिलेला असेल, तर त्यांनी तुमचं काम घेऊ नये, असा वकिलांचा स्वतःचाच नियम आहे. "दोघांचंही मीच बघतो, खर्च वाचेल," असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन उठा.

दुसरा: "शोध किती वर्षांचा घेणार, आणि अहवाल लेखी देणार का?" साधारण ३० वर्षांचा शोध घ्यायची पद्धत आहे. नुसतं "टायटल क्लिअर आहे" असं एका ओळीचं पत्र पुरत नाही. घर कुणाकडून कुणाकडे, कोणत्या दस्तानं, कोणत्या साली गेलं, ही साखळी अहवालात हवी. मध्ये एक कडी जरी तुटली, तर ती का तुटली हे लिहिलेलं हवं. शोधासाठी भरलेल्या सरकारी फीची पावतीही मागा.

तिसरा: "वारस कोण कोण, हे तुम्ही कसं बघणार?" मघाच्या बाईला हाच प्रश्न वाचवू शकला असता. घर वडिलोपार्जित असेल, तर लग्न झालेल्या मुलींसकट सगळ्यांचा विचार व्हायला हवा. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क आहे. बहिणींनी हक्क सोडला असं सांगितलं, तर नोंदवलेलं हक्कसोडपत्र बघा. तोंडी "त्यांची काही हरकत नाही" चालत नाही. इतर धर्मांचे वारसा कायदे वेगळे आहेत, पण प्रश्न तोच: सगळे वारस सही करताहेत का?

चौथा: "बोजा आहे का?" घरावर बँकेचं, पतसंस्थेचं किंवा सोसायटीचं कर्ज असेल, तर मूळ कागद तिथं अडकलेले असतात. विकणारा झेरॉक्सच दाखवत असेल, तर मूळ कागद कुठे आहेत हे वकिलानं विचारलंच पाहिजे.

पाचवा: "वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देणार का?" साधारण १४-१५ दिवसांची मुदत देऊन हरकती मागवतात. थोडा खर्च आहे, पण लपलेला वारस किंवा आधीचा इसार बऱ्याचदा इथंच बाहेर येतो.

सहावा: "फी किती, आणि त्यात काय काय आलं?" शोध, मसुदा, नोटीस, नोंदणीच्या दिवशी हजर राहणं, सगळं वेगळं लिहून घ्या. वकिलाची फी वेगळी, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळी. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. सरकारी रकमेचं चलन आपल्याकडे आलंच पाहिजे. "वरचे थोडे लागतील" याला पावती नसते, म्हणून तो हिशेब मान्य करू नका. आणि सगळ्यांत स्वस्त वकील हाच निकष लावू नका. आयुष्यभराच्या कमाईपुढे शोधाची फी फार लहान असते.

शंका आली तर वकिलाचा सनद क्रमांक विचारायला लाजू नका. प्रत्येक वकिलाची नोंद बार कौन्सिलमध्ये असते, आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. वकिलानं फसवलं, तर तक्रारही तिथंच करता येते.

इसार देण्याआधी

आता क्रम लक्षात ठेवा. आपण काय करतो? घर आवडतं, एजंट म्हणतो "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे", आपण घाईनं इसार देतो आणि मग वकिलाकडे जातो. तेव्हा वकिलाचे हात बांधलेले असतात. आधी वकील, मग इसार. अगदीच द्यावा लागला तर थोडा द्या, बँकेतून द्या, आणि इसारपावतीत लिहून घ्या की मालकी निर्वेध निघाली नाही तर इसार परत. मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यालाही मान्य नाही.

बिल्डरकडून नवा फ्लॅट घेत असाल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक बघा. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

खरेदीखताचा मसुदा सहीच्या आदल्या दिवशी नको, आठ दिवस आधी घरी मागा. मराठीत मागा. चतुःसीमा वाचा आणि जागेवर जाऊन बघा: पूर्वेला रस्ता लिहिलाय, तर पूर्वेला रस्ताच आहे ना? नावं आधारकार्डाप्रमाणे आहेत का? ताबा कधी? लाइट बिल, घरपट्टी कुठपर्यंत कुणी भरायची? वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या. न कळलेल्या कागदावर अंगठा नको.

आणि हो, घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्याच नावावर घेतलं, तर महाराष्ट्रात राहत्या घराच्या मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ३० लाखांच्या घराला ३०,००० रुपये वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं तर सवलत मिळत नाही. वकिलाला हे आधीच सांगा.

विकताना

घर विकणारीलाही वकील लागतो, हे आपण विसरतो. पूर्ण पैसे खात्यात जमा होण्याआधी खरेदीखतावर सही झाली, ताबा गेला, तर मागं धावणं आपल्या नशिबी. चेक कधी वटणार, डिमांड ड्राफ्ट कधी मिळणार, कर्जाची बँक पैसे कधी देणार, हे आपल्या वकिलानं मसुद्यात लिहून घ्यायला हवं. आणि भावानं "नुसती एक सही कर" म्हणून कागद पुढं केला, तर तो हक्कसोडपत्र आहे का, हे सही करण्याआधी आपल्या वकिलाला दाखवा. हक्क सोडायचा की ठेवायचा, ते तुम्ही ठरवा. पण कळून ठरवा.

फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. तालुका विधी सेवा समिती आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्याकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. कोर्टाच्या आवारातच त्यांची कचेरी असते. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो.

नोंदणी झाल्यावर काम संपत नाही. मूळ खरेदीखत आणि इंडेक्स टू ताब्यात घ्या. मग उताऱ्यावर, घरपट्टीवर, लाइट बिलावर नाव लावून घ्या. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या भागपत्रावर. हे वकील करणार की आपण, तेही पहिल्याच भेटीत ठरवा.

त्या शिलाईवाल्या बाईनं यंदा घराला रंग दिला. मला म्हणाली, "ताई, माझी गोष्ट रेडिओवर सांगा, पण नाव नको. कुणी एकीनं जरी ऐकून विचारलं ना, वकील कुणाचा, तरी माझे पैसे वसूल झाले."

म्हणून तिच्या वतीनं सांगितलं. काळजी घ्या. नमस्कार.