काळ्या ओट्यामागे निळी नक्षी

जयपूरला धाकट्या बहिणीकडे गेले होते तेव्हा तिच्या नव्या घराचं स्वयंपाकघर ऐन बांधणीत होतं. ओटा बसून झाला होता. सोनेरी ठिपक्यांचा काळाभोर ग्रॅनाइट, दहा फूट लांब. मागची भिंत मात्र नुसती प्लॅस्टरची. मला चहा देतादेता ती म्हणाली, ‘‘ताई, ही सगळी भिंत मी ब्लू पॉटरीच्या टाइल्सनी भरणार आहे. जयपूरला राहून तेवढीही हौस करायची नाही?’’

हौसेला मी नाही म्हणणारी नव्हे. पण ओट्यामागच्या टाइल्स म्हणजे पडदे किंवा चादरी नव्हेत. नाही आवडल्या तर बदलल्या, असं तिथं होत नाही. सिमेंटात बसलेली टाइल काढायची म्हणजे छिन्नी-हातोडा, घरभर धूळ आणि आठवडाभर बाहेरचं जेवण. म्हणून आपण निवडलेली टाइल पंधरा-वीस वर्षं आपल्या डोळ्यांसमोर राहते, आणि भाजी परतताना नजर जाते ती नेमकी तिथंच.

हे मी अनुभवाने सांगते. आमच्या घरी तपकिरी, ठिपकेदार ग्रॅनाइटचा ओटा आहे. त्यामागे मी द्राक्षांच्या घोसांच्या आणि फळांच्या परड्यांच्या टाइल्स लावल्या. दुकानात चारच टाइल्स फळीवर मांडलेल्या होत्या, झगझगीत दिव्याखाली त्या फार गोड दिसल्या. घरी लागल्यावर खाली ठिपके, वर द्राक्षं आणि मध्ये मसाल्याचे डबे, अशी नुसती गर्दी झाली. ओटा पुसलेला असला तरी पसारा वाटायचा. बारा वर्षं मी त्या परड्या पाहिल्या.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की ग्रॅनाइट मुळातच नक्षीदार असतो. त्यात दोन-तीन रंगांचे कण असतातच. मग भिंतीनं जरा गप्प राहावं. ओट्याचा एक तुकडा उजेडात धरून नीट पाहा. त्यातला सर्वांत मोठा रंग सोडा आणि सर्वांत फिका रंग टाइलसाठी घ्या. आंध्र प्रदेशातल्या ओंगोलजवळून येणाऱ्या काळ्या गॅलक्सी ग्रॅनाइटमध्ये सोनेरी चमक असते, त्याला पांढऱ्याशुभ्रपेक्षा साईचा रंग शोभतो. राजस्थानातल्या जालोरचा गुलाबी ग्रॅनाइट घेतलात तर हस्तिदंती बरा. करड्या-पांढऱ्या ग्रॅनाइटमागे निळा रंग जितका खुलतो, तितका तांबूस ग्रॅनाइटमागे खुलत नाही, असं माझं मत आहे. काळ्या ओट्यावर गडद निळी भिंत मात्र कोणी करू नये. दोन्ही रंग उजेड गिळतात आणि स्वयंपाकघर दुपारीही अंधारं वाटतं.

तुकडा कुठून आणायचा? सिंकसाठी ग्रॅनाइटला भोक पाडतात ना, त्यातून निघालेला भाग बहुतेक घरांत मिस्त्री घेऊन जातो किंवा जिन्याखाली पडून राहतो. तो मागून घ्या, हाताएवढा तुकडा कापून घ्या आणि पिशवीत टाकून टाइल्सच्या दुकानात न्या. तिथून दोन नमुने घरी आणून ओट्यावर टेकवून ठेवा. सकाळी पाहा, संध्याकाळी दिवा लावून पाहा. दुकानातल्या उजेडात पांढरी वाटलेली टाइल घरच्या दिव्यात पिवळट किंवा निळसर निघू शकते.

बहिणीला हे पटलं. पण ब्लू पॉटरीचं काय? दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ती बघायला बाहेर पडलो.

जयपूरच्या या कामाची गंमत अशी, की त्यात कुंभाराची नेहमीची माती नसतेच. गारगोटीच्या दगडाची म्हणजे क्वार्ट्झची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती, डिंक असं मिश्रण कणकेसारखं मळतात. टाइल करायची तर ते थापून चौकटीत कापतात. वाळल्यावर पांढरा लेप देऊन त्यावर ब्रशाने नक्षी काढतात. कोबाल्टपासून निळा रंग येतो, तांब्यापासून मोरपंखी. गंमत म्हणजे रंगवताना तो निळा निळा दिसतच नाही, काळपट करडा दिसतो. वरून काचेचा लेप देऊन भट्टीत घातला, की मग उघडतो. भाजणी एकदाच, साधारण 800 ते 850 अंशांवर. त्यामुळे प्रत्येक टाइलची छटा थोडी वेगळी येते आणि हातकामाचं देखणेपण नेमकं त्यातच आहे.

ही कला जयपुरात रुजली ती सवाई रामसिंह दुसरे यांच्या काळात. 1835 ते 1880 ही त्यांची कारकीर्द. रामबाग पॅलेसमधल्या कारंज्यांना लावलेल्या निळ्या टाइल्स या जुन्या कामाची साक्ष देतात. पुढे ती जवळजवळ विझली. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि राजमाता गायत्रीदेवी यांच्या पाठिंब्याने चित्रकार कृपालसिंह शेखावत यांनी तिला पुन्हा उभं केलं. त्यांना 1974 मध्ये पद्मश्री मिळाली. 2008 साली ते गेले. आज जयपूरच्या ब्लू पॉटरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि शहराजवळच्या कोट जेवर, सांगानेर यांसारख्या ठिकाणी हे काम चालतं.

एवढं ऐकून बहिणीची हौस दुप्पट झाली. मी मात्र टाइलची मागची बाजू उलटून तिला दाखवली. खरखरीत, भुसभुशीत, पाणी शोषणारी. कमी आचेवर भाजलेला हा माल नाजूक असतो. ग्राइंडरने कापायला गेलं तर कडा उडतात. आता आपल्या शेगडीमागे काय होतं ते आठवा. रोज मोहरी तडतडते, तेल उडतं, वाफ लागते, एखादं तापलेलं कढईचं कान भिंतीला टेकतं आणि मग आपण ओल्या फडक्याने खसाखसा पुसतो. शिवाय चार इंची टाइल्स म्हणजे चौरस फुटाला नऊ. वीस चौरस फुटांच्या भिंतीला एकशे ऐंशी टाइल्स आणि त्यांचे शेकडो सांधे!

सांध्यांचं दुखणं तर घरोघरी आहे. पांढऱ्या सिमेंटाने भरलेल्या सांध्यात हळद शिरली की ती निघत नाही. साबण लावावा तर डाग उलट लाल होतो, हळदीला चुना लागल्यावर होते तशी. (सूर्यप्रकाशाने तो फिका पडतो खरा, पण शेगडीमागे ऊन कुठून आणणार?) म्हणून शेगडीमागे मोठी, गुळगुळीत टाइल, सांधे कमीत कमी आणि ते इपॉक्सीने भरलेले. त्याला खर्च जास्त पडतो, पण डाग आत मुरत नाही. सांध्याचा रंगही पांढराशुभ्र न घेता टाइलपेक्षा किंचित गडद घ्यावा.

शेवटी आम्ही असं ठरवलं. दहा फुटांपैकी शेगडी आणि सिंकच्या मागच्या आठ फुटांत साईच्या रंगाच्या, बारा बाय चोवीस इंची साध्या टाइल्स, उभ्या. आठ लागल्या, दोन जादा. उरलेल्या कोरड्या टोकाला, जिथं ती कणीक मळते आणि मिक्सर ठेवते, तिथं दोन फूट बाय दोन फूट ब्लू पॉटरीचा चौकोन. सहा सहाच्या सहा ओळी म्हणजे छत्तीस टाइल्स, एकही कापायची नाही. पांढऱ्या जमिनीवर मोरपंखी वेल, निळा फक्त रेघांपुरता. एकाच भट्टीतल्या, एकाच वेळी चाळीस घेतल्या. नंतर एखादी फुटली तर त्या छटेची पुन्हा मिळेलच असं नाही.

मिस्त्री जाणता होता. भिंतीला हात लावण्याआधी त्याने सगळ्या टाइल्स जमिनीवर मांडल्या आणि तिथंच घोटाळा कळला. चोवीस इंची म्हणतात ती टाइल प्रत्यक्षात 600 मिलिमीटरची, म्हणजे चोवीस इंचांना थोडी कमीच. उलट हातच्या सहा टाइल्स आणि त्यांचे सांधे मिळून 620 भरले. चौकोन बोटभर उंच! बहिणीचा चेहरा उतरला. मिस्त्रीने जिन्याखालचा सिंकचा तुकडा आणवला, त्याच्या दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या कापल्या आणि साध्या टाइल्सच्या डोक्यावर ओळीने बसवल्या. ओट्याचा काळा रंग वरही आला, भिंतीला काठ मिळाला. ठरवून केलं असतं तर इतकं नेटकं जमलं नसतं!

ब्लू पॉटरीच्या टाइल्स जाड-पातळ असतात, त्यामुळे त्याने मागे चिकटवण्याचा मसाला कमीजास्त घेऊन त्या एका पातळीत आणल्या. ओटा आणि भिंत यांच्या सांध्यात सिलिकॉन भरलं, नाहीतर पाणी मागे झिरपतं. मिक्सरचा बोर्ड आधी नेमका त्या चौकोनाच्या मधोमध येत होता, तो वायरमनला बोलावून बाजूला घ्यावा लागला. तुमच्या घरी अजून टाइल्स लागल्या नसतील तर बोर्डांच्या जागा आज खडूने भिंतीवर आखून घ्या.

जयपुरात अनेकजण विचारतात, मकराणा इतकं जवळ असताना ओटा संगमरवराचा का नको? लिंबू आणि चिंच त्याला खातात म्हणून. आमटीत कोकम टाकणाऱ्या घरात तर त्याचं नावच काढू नये.

उरलेल्या चार निळ्या टाइल्स बहिणीने वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत. वर तारीख आणि दुकानाचं नाव लिहून.